शाळेतलं गांडूळखत: फिरतं पिंप की कॅरेटचे थर?

गेल्या दोन वर्षांत आजूबाजूच्या शाळांतल्या चार-पाच विज्ञान शिक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला. गांडूळखताचा प्रकल्प करायचाय, मुलं म्हणतात फिरणारं पिंप करू, मुख्याध्यापक म्हणतात साधंसं काहीतरी करा. तुम्ही काय सुचवाल? आमच्या शाळेत दोन्ही झालंय. आधी फिरतं पिंप केलं, नंतर टोमॅटोचे कॅरेट एकावर एक रचले. जे पाहिलं ते इथे मांडतो. आमचं गाव कराड तालुक्यातलं, चहूकडे ऊस, पाचटाला तोटा नाही. तुमच्याकडे कोकणातला पाऊस किंवा विदर्भातलं ऊन असेल तर थोडं इकडचं तिकडे होईल. गांडुळाला मीठ-तेल चालत नाही, ताजं शेण तापतं, ओल मुठीत दाबून बघायची, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

पिंपापासून सुरुवात करतो, कारण मुलांचा ओढा तिकडेच असतो. आठवीतल्या पोरांनी वहीत चित्र काढून आणलं होतं: २०० लिटरचं निळं पिंप आडवं, मधून इंची पाईप आरपार, दोन्ही बाजूंना अँगलचे घोडे, एका टोकाला रहाटासारखी मूठ. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आमचे तीन शनिवार गेले. दार कापायला ग्राइंडर कारागिरानं चालवला, पण आखणी, हवेची भोकं, आतून मच्छरजाळी, बेअरिंग बसवणं, बिजागऱ्या-कडी हे सगळं पोरांनी केलं. रिकामं पिंप एका बोटानं फिरायचं. अर्धं भरल्यावर मात्र ते दोघांना आवरेना, कारण ओला माल सतत तळाशी बसतो आणि मूठ सोडली की पिंप झोका खाऊन परत जागेवर येतं. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते पोरांना त्या दिवशी खांद्यातून कळलं.

पिंपाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. जागा कमी लागते. घूस, उंदीर, कोंबड्या यांचा त्रास शून्य. दार बंद असलं की कचरा दिसत नाही, म्हणून पालकसभेच्या दिवशीही कुणी नाक मुरडत नाही. आणि बनवतानाचं शिक्षण इतकं आहे की तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा, असंच मी म्हणेन. तुमचा हेतू विज्ञान प्रदर्शन किंवा इन्स्पायर-मानकला (शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) कल्पना पाठवणं हा असेल, तर फिरणाऱ्या वस्तूपुढे माणसं थांबतात हेही खरं. तिथे निवड झाली तर प्रतिकृतीसाठी मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. ग्रामीण शाळेतल्या मुलाला ती रक्कम लहान नाही.

पण आमचा निर्णय एकाच गोष्टीनं फिरवला. गोळ्यांनी.

पहिल्या महिन्यात काही जाणवलं नाही. पाचटाचे तुकडे, जुनं शेण, भाजीची देठं, सगळं सुटं सुटं होतं. गांडुळांनी खायला सुरुवात केली, बारीक काळं खत तयार होऊ लागलं आणि तिथून घोळ झाला. ते खत ओलं असताना चिकट असतं. पिंप फिरलं की ते घरंगळतं, घरंगळताना आजूबाजूचं स्वतःला चिकटवून घेतं आणि दर फेरीला गोळा मोठा होतो. आधी लिंबाएवढे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तर काही सोललेल्या नारळाएवढे झालेले, वरून गुळगुळीत, शेणानं सारवल्यासारखे.

सातवीतल्या एका मुलीनं त्यातला एक उचलला. "सर, हा एवढा जड का लागतोय?" म्हणाली आणि दोन्ही अंगठे घालून तिनं तो फोडला. बाहेरची अर्धा बोट जाडीची साल कोरडी होती. आत निळसर काळा गाळ आणि आंबूस वास, कारण तिथे हवा पोचलीच नव्हती. मधोमध सात-आठ गांडुळांचा गुंता, फिकट पडलेला. चार हलत होती, बाकीची नाही. तिनं ती चारही एकेक करून ओल्या गोणपाटावर ठेवली आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही. गांडूळ कातडीतून श्वास घेतं हे तिला पुस्तकातून माहीत होतंच.

त्यानंतर दर शनिवारी सहा मुलं घमेली घेऊन गोळे फोडायला बसायची. दोन तास जायचे. आम्ही उपायही केले. पाचट दुप्पट केलं, गोळे कमी झाले, पण पिंपात माल मावेना. रोजचं फिरवणं आठवड्यावर आणलं, तर मधल्या सुट्टीत लहान वर्गांतली मुलं येऊन फिरवून जायची. फिरवावीशी वाटणारी वस्तू बनवायची आणि मग फिरवू नका म्हणायचं, हे मुलांना सांगणंच मला पटेना. शेवटी कुलूप लावलं. आतून पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या, गोळे त्यांवर आपटून फुटतील म्हणून. थोडे फुटले, पण पट्ट्यांच्या कोपऱ्यांत चिखल ठासून बसला आणि गांडुळं त्यात अडकू लागली. कुणी आमच्यापेक्षा चांगली युक्ती काढलेली असू शकते, नाही असं नाही. आम्हाला ती सापडली नाही.

यावर विचार करताना लक्षात आलं की खोट पिंपाच्या बांधणीत नव्हती. आपण खतासाठी आणतो ती आयसेनिया फेटिडा ही वरच्या थरात राहणारी जात. तिला वर ताजं खाणं लागतं, खाली जुनं शांत अंथरूण लागतं, आणि ऊन-थंडी-ओल बदलली की ती वीतभर वर-खाली सरकून आपली सोय लावते. थर हेच तिचं घर. पिंपाच्या एका फेरीत वरचं खाली, खालचं वर होतं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून जागा शोधावी लागते. डार्विननं १८८१ साली गांडुळांवर जे लिहून प्रसिद्ध केलं, त्यात त्याचा एक साधा प्रयोग आहे. त्यानं मोठ्या आवाजात वाद्यं वाजवून पाहिली, गांडुळांनी दखल घेतली नाही. मग त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तर ती तत्काळ बिळात गेली. त्यांना ऐकू येत नाही, पण बारीकशी थरथरसुद्धा त्यांच्या अंगाला कळते. मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा मुलं आपणहून खिडकीतून पिंपाकडे बघायला लागली.

आता कॅरेट. बाजार समितीत टोमॅटोला वापरतात तेच, जुने, चार नग. सगळ्यात खाली छिद्रं नसलेला टब, पाणी झिरपायला. त्यावर पहिला कॅरेट, बाजूंना शेडनेट, तळाला नेट नाही, कारण गांडुळांना वरच्या कॅरेटमध्ये जाता आलं पाहिजे. त्याऐवजी लांब पाचटाचा थर घातला की माल गळत नाही. पहिला भरत आला की दुसरा त्याच्या मालाला टेकेल असा ठेवायचा. मध्ये चार बोटं पोकळी राहिली तर गांडुळं वर येत नाहीत, ही चूक आम्ही पहिल्यांदा केली. वर ओलं गोणपाट. एवढंच. वेल्डिंग नाही, बेअरिंग नाही, एका दुपारचं काम.

दोष आहेत. मुंग्या लागल्या, म्हणून सगळी मांडणी घोड्यावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या आणि त्या वाट्या भरण्याची पाळी आली. साली वर उघड्या राहिल्या की चिलटं होतात, त्या पाचटाखाली दाबाव्या लागतात. भरलेला कॅरेट उचलायला दोन मोठी मुलं लागतात. आणि मुलांना सुरुवातीला हे फारच साधं वाटतं, त्यात बनवण्यासारखं काही दिसत नाही.

तरीही खतात फरक होता. मोजमाप मी केलेलं नाही, हातानं सांगतो: कॅरेटमधलं खत चहाच्या पुडीसारखं भुसभुशीत निघालं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला. पिंपातलं खत गोळे फोडून, वाळवून, परत चाळून तिथवर आणावं लागायचं. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज ७५ ग्रॅम भाजी धरलेली असते. आमच्याकडे दीडशेच्या आसपास ताटं होतात, म्हणजे अकरा-बारा किलो भाजी आणि तिची दोन-अडीच किलो देठं-सालं. एका पिंपानं हे झेपणार नव्हतंच. कॅरेटच्या बाबतीत शेजारी दुसरा मनोरा उभा करता येतो.

मे महिन्याचा हिशेब शहरातल्या शिक्षकांनीही करावा. शाळा सहा आठवडे बंद, पारा चाळिशीला टेकलेला. आमच्या शिपाईमामांनी दोन्ही उन्हाळे मनापासून सांभाळले. पिंप सावलीत असूनही प्लॅस्टिक तापायचं आणि त्यातल्या गांडुळांना पळायला जागा नव्हती. जूनमध्ये फारच थोडी उरली. पुढच्या मेमध्ये कॅरेटवर मामा एक दिवसाआड गोणपाट भिजवत राहिले. वरचा थर सुकला तरी ती तळाच्या कॅरेटमध्ये उतरून बसली होती. शाळा उघडल्यावर तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष सापडले. मुलांनी ते भिंगाखाली पाहिले, आणि एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात हे त्यांनी पुढच्या काही आठवड्यांत स्वतः मोजलं.

मुलांना फिरणारं काही बनवायचंच असेल, आणि बनवू द्यावं असं मला मनापासून वाटतं, तर फिरती चाळण बनवू द्या. सायकलच्या दोन जुन्या रिमा, त्यांभोवती चार मिलिमीटरची जाळी गुंडाळून चार फुटांचा नळा, एका बाजूला विटेनं किंचित उंच. चार-पाच दिवस पाणी बंद ठेवलेलं खत वरच्या तोंडातून घालायचं आणि सावकाश फिरवायचं. बारीक खत जाळीतून खाली पडतं, गांडुळं आणि जाड पाचट दुसऱ्या टोकाला घमेल्यात येतात. गांडुळांना दोन मिनिटांचा त्रास होतो, मग ती परत आपल्या थरात. थोडे कोष खतासोबत खाली जातात, म्हणून आम्ही चाळलेलं खत तीन आठवडे ओलसर ठेवून त्यात कलिंगडाच्या सालीची जाळीची पुरचुंडी पुरतो. निघालेली पिल्लं तिच्यात गोळा होतात. रहाटाची मूठ आम्ही पिंपावरून काढून या चाळणीला लावली. तिचं चित्र काढणारी पोरं आता दहावीत आहेत.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर कॅरेट. शाळेभोवती घुशी फार असतील, जागा अगदीच चिंचोळी असेल किंवा प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं असेल, तर पिंप निवडणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त ते तिसऱ्या भागापेक्षा जास्त भरू नका, पाचट हात सैल सोडून घाला आणि दाराला पहिल्या दिवसापासून कुलूप ठेवा.

पिंप आधीच घेऊन बसला असाल तरी ते वाया जात नाही. आमचं अजून वापरात आहे, त्यात गांडूळ मात्र एकही नाही. रोजची देठं, शेण आणि पाचट आधी त्यात पडतं, दोन दिवसांआड फिरवलं जातं. खत झालेलं नसल्यामुळे माल चिकट नसतो, गोळे जवळजवळ होत नाहीत, आणि जी उष्णता गांडुळांना मारते ती इथे कुजवण्याच्या कामी येते. पंधरा-वीस दिवसांनी पाळीवरचा मुलगा दार उघडून कोपरापर्यंत हात आत घालतो. आत ऊब लागली तर कडी परत लावतो. हात गार बाहेर आला तर दोन घमेली भरून कॅरेटवर नेतो.