हरलेल्या बोलीनंतर आलेला निरोप

ऑनलाइन लिलावात जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर बोली लावलीत, हरलात, आणि मग "ज्याने जिंकला त्याने पैसेच भरले नाहीत, तुम्हाला हवाय का?" असा निरोप आला, तर पुढचं वाचा. माझे चौतीस हजार त्या एका वाक्यापासून जायला लागले.

अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, पुरावा मागा, हे सगळ्यांना पाठ आहे. मीही पुरावे मागितले आणि मागितलेला प्रत्येक पुरावा मला मिळाला. लिहायला बसले ती त्यासाठीच. गिऱ्हाईक कायकाय तपासून बघतं हे या लोकांना आता आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

बडोद्यात फिल्मचं वेड असणं तसं नवल नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता. तो तर इथेच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार व्हायचा. १२० चा, म्हणजे रुंद फिल्मचा रोल, बारा फोटो, आणि कॅमेरा हलला की बाबांची बोलणी. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवणाऱ्या चित्रकार ज्योती भट्टांनी गुजरातच्या खेड्यांतल्या रांगोळ्या, भिंतीवरची चित्रं, बायकांचं गोंदण हे सगळं फिल्मवर टिपून ठेवलं, आणि तिथल्या पोरांना अजूनही फिल्मची हौस आहे. माझा भाचा त्यांतलाच. त्याने मला पुन्हा १२० च्या नादाला लावलं. आता रोल आणि धुलाई मिळून एकेक फोटो इतका महाग पडतो की बटण दाबायच्या आधी माणूस श्वास रोखतो, पण ते एक असो.

मला हवी होती रोलीकॉर्ड व्ही-बी, समोर दोन भिंगं असलेला, वरून डोकावून बघायचा कॅमेरा. रोलीफ्लेक्सच्या किमती माझ्या आवाक्याबाहेरच्या. रोलीकॉर्ड तिचीच धाकटी बहीण, जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या त्याच कारखान्यातली. ही व्ही-बी १९६२ ते १९७७ या काळात बनली. रोल पुढे सरकवायला हँडलऐवजी गोल बटण, समोर श्नायडरची ७५ मिलिमीटरची झेनार लेन्स, एक सेकंदापासून सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत शटर. सगळं यांत्रिक, सेलचा प्रश्नच नाही.

लिलावातला विक्रेता सरळ माणूस वाटला, आणि होताही तसाच, ते पुढे येईल. त्याने लेन्स साफ असल्याचं लिहिलं होतं, पण एक सेकंदाचं शटर थोडं रेंगाळतं आणि चामडी केसची शिलाई एका बाजूने उसवली आहे, हेही लिहिलं होतं. दोष आपणहून सांगणारा विक्रेता म्हणजे निम्मी खात्री. उलट "तपासलेला नाही, आहे तसा" असं जिथे लिहिलेलं असतं तिथे बहुतेक वेळा तपासलेला असतो आणि बंद निघालेला असतो. रोल नाही म्हणून तपासला नाही, हे तर मला कधीच पटलं नाही. शटर चालतं की नाही ते बघायला रोल कशाला लागतो?

माझी शेवटची बोली चौतीस हजार. वेळ संपता संपता कुणीतरी साडेचौतीस टाकले आणि खेळ खलास. "मावशी, बोली शेवटच्या दहा सेकंदांत लावायची असते, आधीपासून भाव वाढवत बसायचं नसतं," भाच्याने अक्कल शिकवली. मी फिल्मवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिलावाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "गेली हातची रोली, चौतीसला अडले." ग्रुपवर चारपाचशे माणसं. निम्म्यांची नावं माहीत नाहीत, तोंडं तर कुणाचीच नाहीत.

निरोप आला तो व्हॉट्सॲपवरच, हिंदीत. मॅडम, मी रोलीकॉर्डवाला. जिंकलेल्याने हात वर केले. पुन्हा लिलाव लावला तर साइटला पुन्हा कमिशन द्यावं लागेल, त्यापेक्षा तुमच्याच चौतीस हजारांना देतो. रेंगाळणारं शटर त्याला माहीत, केसची शिलाई माहीत, माझा आकडाही माहीत. लिलावाच्या साइटवर हरलेल्याला दुसरी संधी देण्याची सोय खरोखर असते, त्यामुळे कानाला काही खटकलं नाही. फक्त ती खरी असली तर साइटच्या आत, आपल्या खात्यात येते आणि पैसेही तिथेच भरायचे असतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर, परस्पर येते ती दुसरी संधी नव्हे.

मी म्हटलं, कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, तो कॅमेऱ्याशेजारी ठेवा आणि फोटो पाठवा. हा आपल्या लोकांत ठरलेला उपाय आहे. तासाभरात फोटो आला. आणि तो लिलावातल्या फोटोंपैकी नव्हता! वेगळा कोन, झाकण उघडं, मागची बाजू दिसतेय. सीरियल नंबर लिलावातल्या नंबराशी जुळत होता. इथे कुणाचाही विश्वास बसला असता, आणि त्या फोटोची रचनाच त्यासाठी होती.

पैशांचा मार्गही त्यानेच काढला. निम्मे आधी, निम्मे कुरिअरची पावती दाखवल्यावर. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलत्याचंच आलं. "वाइफ के नाम पे है," तो म्हणाला. सतरा हजार गेले. पावती आली, खऱ्या कुरिअरची, खऱ्या नंबराची. वेबसाइटवर टाकला तर पार्सल निघालेलं दिसत होतं. उरलेले सतरा गेले.

पार्सल आलं, तेही वेळेवर. आत बबल रॅप, त्यात वर्तमानपत्र, आणि त्यात दोन डोळ्यांचा काळा कॅमेरा. उचलल्याबरोबर हाताला कळलं. रिकाम्या खोक्यासारखा हलका, टकटक केलं तर बेकेलाइटचा आवाज. समोरच्या दोन्ही भिंगांच्या कडांना दाते होते आणि ते एकमेकांत अडकलेले. वरचं फिरवलं की खालचं फिरायचं, म्हणजे फिरायला हवं होतं, इथे दोन्ही गोठलेली. वरून डोकावलं तर रोलीकॉर्डच्या दुधी काचेऐवजी चकचकीत भिंग, आणि दुधी काय ते मध्यावर एक वाटोळा ठिपका. शटरची पट्टी दाबली तर पाती अर्धी उघडली आणि तशीच राहिली.

रावपुऱ्याकडे एक वृद्ध कारागीर अजून जुने कॅमेरे उघडतात. त्यांनी चष्मा वर केला आणि एका नजरेत म्हणाले, "बेन, आ तो लुबिटेल छे. रोली क्यां छे?" लुबिटेल म्हणजे लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा सोव्हिएत कॅमेरा, एके काळी आपल्याकडे होतकरूंच्या हातात असायचा. चालू स्थितीतला असता तर मजेचा आहे. हा भंगार होता.

रिकामं खोकं किंवा साबणाची वडी न पाठवता त्याने कॅमेरा का पाठवला, हे मला तक्रार करायला गेले तेव्हा समजलं. लिहून घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "कॅमेरा तर आलाय ना?" पावतीवरही "जुना कॅमेरा, १ नग" असंच लिहिलेलं. म्हणजे वरवर बघता ही चोरी नाही, वस्तू पसंत न पडल्याची कुरकुर. त्या भंगार लुबिटेलने त्याच्यासाठी वकिलाचं काम केलं.

मी साइटमार्फत मूळ विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, सभ्य आणि गोंधळलेलं. त्याची रोलीकॉर्ड जिंकणाऱ्याला कधीच पोचली होती आणि पैसेही मिळाले होते. मला निरोप पाठवणारा तो नव्हताच. मी विचारलं, मग तो न पाहिलेला फोटो आला कुठून? तेव्हा त्याला आठवलं की लिलाव चालू असताना एकदोन जणांनी जास्तीचे फोटो मागितले होते आणि त्याने ते पाठवले होते. चोर गिऱ्हाईक बनून आधीच फोटो घेऊन बसला होता आणि कोण हरतंय याची वाट बघत होता. ते मी ग्रुपवर स्वतःच्या आकड्यासकट जाहीर केलं.

मग भाच्याने तो चिठ्ठीचा फोटो मोठा करून दाखवला. खिडकी डावीकडे असावी, कारण कॅमेऱ्याची सावली टेबलावर उजवीकडे लांब पडली होती, पट्ट्याचीसुद्धा पडली होती. चिठ्ठीला सावली नव्हती. कागदाची कड जरा वर उचललेली आणि तिच्याखाली स्वच्छ लाकूड. म्हणजे चिठ्ठी विक्रेत्याच्या फोटोवर नंतर चिकटवलेली. एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

तक्रारीबद्दल महत्त्वाचं. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे आणि केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टलही आहे. पार्सल उघडल्या उघडल्या आधी फोन करा, दुरुस्तीवाल्याकडे नंतर जा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि जे पळायचे राहिलेत तेच गोठवता येतात. माझ्या दुसऱ्या हप्त्यातले नऊ हजार असे एका खात्यात अडकले. ते परत मिळावेत म्हणून अर्ज केला आहे. बाकीचे गेले. आणि तक्रारीत "वेगळी वस्तू आली" असं लिहू नका. "दुसऱ्या विक्रेत्याचं सोंग घेऊन माझ्याकडून पैसे घेतले" असं लिहा, मूळ लिलावाची लिंक आणि खऱ्या विक्रेत्याचं उत्तर जोडा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी हे कलम अशा तोतयेगिरीसाठीच आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मी अर्ज असा दुसऱ्यांदा लिहून दिला तेव्हा बोलण्याचा सूर बदलला.

चिठ्ठीचा फोटो आता माझ्या लेखी बाद. व्हिडिओ कॉल करा आणि आयत्या वेळी सुचेल ते करायला सांगा. रोलीकॉर्ड असेल तर शटर एका सेकंदावर लावून लेन्सखालची पट्टी एकीकडे ओढायला सांगा, मग उलटीकडे. त्याच पट्टीने शटर भरतं आणि त्याच पट्टीने सुटतं, हे हातात कॅमेरा नसलेल्याला करून दाखवता येणार नाही. मागचं झाकण उघडून लेन्समागे टॉर्च धरायला सांगा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती धरतेच, म्हणून हे आपल्या गावातल्या विक्रेत्यालाही लागू.

आणि पावतीवरचं वजन वाचा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलंही दिसलं नाही. माझ्या पावतीवर ६५० ग्रॅम होतं, खोकं आणि वर्तमानपत्र धरून. रोलीकॉर्ड नुसतीच पाऊण किलोच्या वर भरते. कॅमेऱ्याचं वजन इंटरनेटवर मिनिटात सापडतं, आणि कुरिअरचा काटा चोराच्या हातात नसतो.

बाकीच्या सापळ्यांबद्दल थोडक्यात सांगते, ते जुनेच आहेत. सोनेरी मुलाम्याचा, १९३६ च्या ऑलिंपिकचा शिक्का असलेला "लायका" हा जर्मन कॅमेरा दिसला तर तो बहुतेक वेळा सोव्हिएत फेड किंवा झोर्की कॅमेरा असतो, नाव पुसून नवं कोरलेलं. लेन्स काढून आत बघा. स्क्रूच्या लेन्सवाल्या खऱ्या लायकात रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीच्या टोकाला फिरणारं छोटं चाक असतं, फेड-झोर्कीत तिथे धातूचा अखंड तुकडा असतो. एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात तीच दोन नवीकोरी खाती भाव चढवताना दिसली तर ते त्याचेच भाऊबंद समजा. निकॉन एफएम-टू घेणार असाल तर सीरियल नंबरासमोर एन आहे का ते बघा. नंतरच्या, सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला फ्लॅश चालणाऱ्या एफएम-टू-एनवर तो असतो. एन नसलेला कॅमेरा नंतरचा म्हणून, त्याच्याच भावात खपवतात.

तो व्हॉट्सॲप नंबर माझ्यासाठी बंद आहे. पण ग्रुपवरच्या एका मुलाला, तो याशिका मॅट १२४ जी हरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, वेगळ्या नंबरावरून निरोप आला. तीच हिंदी, तोच निम्मे-निम्म्याचा हिशेब, या वेळी क्यूआर "भाभी" च्या नावाचा. त्याने व्हिडिओ कॉल मागितला तर कॅमेरा गावी आहे म्हणे. तो नंबर आणि स्क्रीनशॉट मी माझ्या अर्जाला जोडले आहेत. तुम्हालाही असा निरोप आला असेल तर पुसू नका, क्यूआर कोडचा फोटो जपून ठेवा आणि पैसे गेले नसले तरी पोर्टलवर नोंद करा. खातं कुणाच्या नावावर आहे ते त्या कोडवरूनच निघतं.