रोहीचा फर्सोना काढून घेतला, नागपुरातच

फर्सोना, म्हणजे फरी लोकांचं (माणसासारख्या जनावर-पात्रांच्या चाहत्यांचं) स्वतःचं जनावराचं पात्र, चित्रकाराकडून काढून घ्यायचाय पण डॉलरमधले रेट बघून पोटात गोळा येतो अशांसाठी लिहितोय, नागपुरातल्याच एक चित्रकार ताई हे काम करतात आणि मस्त करतात. नाव टाकत नाही, त्यांची यादी सध्या फुल आहे आणि त्यांनीच नको सांगितलंय.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा ऑर्डर फॉर्म. बाकी आर्टिस्ट अँथ्रो का फेरल एवढंच विचारतात. फेरल म्हणजे अख्खं चार पायांवरचं जनावर, अक्कल तेवढी माणसाची. अँथ्रो म्हणजे दोन पायांवर उभा, हात वापरणारा, पण तोंड, शेपूट, अंगावरची फर सगळी जनावराची. आणि केमोनोमिमी म्हणजे ॲनिमेतला सरळसरळ माणूसच, वर कान आणि मागे शेपूट, ज्याला फरी म्हणायचं की नाही यावर लोक रात्र रात्र भांडतात. पण खरी गोची यांच्या अधेमधेच असते ना भाऊ! ताईंच्या फॉर्ममधे प्रत्येक गोष्ट वेगळी विचारलीये, थोबाड किती लांब, बोटं किती, पाय कसले, फर कुठवर, त्यामुळे तोंड जास्त जनावराचं आणि हात जास्त माणसाचे असं काहीही मागता येतं.

(रामटेकच्या गडावर जाऊन बघा, वाकाटकांच्या काळातला वराह चार पायांवरचा पूर्ण डुक्कर आहे, आणि नरसिंह बसलाय माणसासारखा, डोकं सिंहाचं. म्हणजे पाचव्या शतकापासून दोन्ही प्रकार एकाच टेकडीवर. देवाला फरी म्हणतोय असं समजून भांडायला येऊ नका बाप्पा.)

माझं पात्र रोही, म्हणजे नीलगाय. घरी म्हणे, विदर्भातला असून वाघ सोडला आन् शेतातल्या पिकाचा सत्यानाश करणारा रोही कायले घेतला बे? असो. रोहीत मजा पायांची आहे. माणूस, अस्वल पूर्ण तळवा टेकवतात, ते प्लँटिग्रेड. कुत्रा, मांजर, वाघ बोटांवर चालतात, डिजिटिग्रेड, त्यांच्या मागच्या पायाला उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नसतोच, टाच असते, खरा गुडघा वर पोटाजवळ. रोही, हरीण, घोडा तर बोटांच्या टोकावर, म्हणजे खुरावर उभे, ते अंग्युलिग्रेड, त्यांची टाच अजून वर जाते. पहिल्या रफमधे ताईंनी नेमकं इथेच गडबड केली, कुत्र्याच्या तंगडीला खूर लावून दिले, वर चितळासारखी फांद्या फुटलेली शिंगं! रोहीची शिंगं आखूड, साधी, फांद्या नसतात. मी पेंचला काढलेले फोटो पाठवले, तर कुरकुर न करता पूर्ण पाय नव्याने काढला, आणि आता खुराच्या वरचे पांढरे पट्टे, गळ्याखालचा केसांचा झुपका, सगळं जिथल्या तिथे आहे. हाताला खूर दिले तर चहाचा कप कसा धरेल, म्हणून तीन जाड बोटं आणि खुरासारखी काळी नखं, ही आयडिया त्यांचीच, आणि मला चित्रातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

आता तक्रारी. रंग सुरुवातीला स्कूटीच्या निळ्या रंगासारखा भडक दिला होता, नर रोही राखाडीकडे झुकणारा असतो, तो बदलायला सांगितला तर त्याचे जास्तीचे पैसे लागले आणि हे फॉर्ममधे कुठेच लिहिलेलं नाही. आधी विचारून घ्या. वेळही सांगितल्यापेक्षा बराच जास्त लागला, मधे मेसेजला रिप्लाय नाही. रेफरन्स शीटमधे पुढून-मागून दोन्ही बाजू मिळतात, पण तळव्याचा किंवा खुराचा क्लोजअप हवा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो.

फर्सूटचं, म्हणजे पात्राच्या अंगभर पोशाखाचं, विचारलं तर सरळ नाही म्हणाल्या. डिजिटिग्रेड दिसायला मांडीला-पोटरीला फोम भरावा लागतो, वरून फर, नागपूरच्या मे महिन्यात घालून दाखवा म्हणे. स्टिकर मात्र करतात, मी नुसत्या डोक्याचे सांगितलेत.