हायड्रोथेरपीचं पॅकेज घेताय? आधी पाण्यात हात घालून बघा

सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर परिणाम होतो तो आजार) असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी लिहितेय, खास करून ज्यांना हल्ली मोबाईलवर "पाण्यातली थेरपी, ६ महिन्यांत मूल स्वतःच्या पायावर" असल्या जाहिराती दिसतायत. पुण्यातल्या एका सेंटरने आमचे ७२ हजार घेतले. नाव टाकत नाहीये, तक्रार चालू आहे आणि वकील नको म्हणाले.

हायड्रोथेरपी थोतांड नाहीये हं. माझ्या लेकीला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, दोन्ही पाय कडक आणि एकमेकांत अडकतात. कोमट पाण्यात तेच पाय सैल पडतात, आणि छातीपर्यंत पाण्यात उभं केलं की पायांवर वजन येतं जेमतेम पाव, म्हणून जमिनीवर उभं न राहणारं मूल तिथे दोन पावलं टाकतं. त्या लोकांचं सगळं भांडवल हेच! डेमोला पाणी मस्त गरम, पोरगी हसत चालली, काठावर सासूबाई रडायला लागल्या आणि बरोब्बर तेव्हाच काउन्सेलर बाई कागद घेऊन आल्या, ताई आज बुक केलंत तर हा रेट, उद्यापासून वाढतोय. नियम व अटी वाचायला कोणाचे डोळे कोरडे होते.

सुरुवातीला ठीक होतं. मग हीटर बिघडला, मग त्याचा पार्ट यायचा होता, मग तो विषयच कोणी काढेना. या थेरपीला पाणी साधारण ३३ ते ३५ डिग्री लागतं, साधा पोहण्याचा तलाव २६ ते २८ च्या आसपास असतो आणि गार पाण्यात स्पास्टिक मूल सैल व्हायच्या ऐवजी अजूनच कडक होतं. लेक बाहेर यायची ती ओठ निळे, टाचा वर, एएफओत (घोटा सरळ धरणारा प्लास्टिकचा पट्टा) पाऊल बसायचं नाही. विचारलं तर "बॉडी रिस्पॉन्स देतेय मॅडम, चांगलं साइन आहे". शेवटी ह्यांनी बाळाच्या आंघोळीचा थर्मामीटर नेला, २७ दाखवला, तर मॅनेजर म्हणतो थर्मामीटर आत आणायला परवानगी नाही. म्हणजे काय, पाण्याला राग येतो?

डेमोची फिजिओ परत दिसलीच नाही. पाण्यात असायचा स्विमिंग कोच, स्वभावाने चांगला होता बिचारा, पण सीपी म्हणजे काय हे त्याला मीच सांगितलं. भिंतीवर बोर्ड "हॅलिविक पद्धत". ही पद्धत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ मध्ये लंडनला सुरू केली, त्यात एका मुलाबरोबर एक माणूस पाण्यात असतो आणि हवेचे फुगे बांधतच नाहीत. इथे चार पोरं, चौघांच्या दंडाला फुगे, कोच एकटा. त्यातल्या एकाला फिट्स यायच्या आणि अॅडमिशन फॉर्मवर फिट्सचा प्रश्नसुद्धा नव्हता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

जाहिरातीतल्या मुलाची आई नंतर सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत भेटली. तिचा मुलगा आधीपासून चालतो, कठडा न धरता जिना चढतो. व्हिडिओतला "आधी"चा तुकडा ऑपरेशननंतर प्लास्टर काढलं त्या दिवसांतला, सेंटरने फोटो हवेत म्हणून मागून घेतलेला.

पैसे परत मागितले तर "नॉन रिफंडेबल" वर बोट. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकली. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, तेव्हा पैशाच्या भीतीने कोणी गप्प बसू नका. तुम्ही बघायला जाल तेव्हा डेमो नको म्हणा, चालू बॅच दाखवा म्हणा, पाण्यात कोण उतरणार त्याचा ओटीपीटी कौन्सिलचा (फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी करते ती) रजिस्ट्रेशन नंबर घ्या आणि पैसे महिन्याच्या महिन्यालाच द्या, ते नाही म्हणाले तर निघा तिथून.

आणि पावती तिथल्या तिथे वाचा. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात थेरपीच्या बिलांचे पैसे मिळतात म्हणून आम्ही क्लेम टाकला, तो नामंजूर, कारण आमच्या पावतीवर बारीक अक्षरात "क्लब मेंबरशिप" लिहिलं होतं. आता आयोगापुढे त्यांचं उत्तर आलंय, आम्ही थेरपी विकलीच नाही, यांनी पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व घेतलं होतं.