लघुप्रबंधासाठी कोणती कादंबरी? ‘मिसेस डॅलोवे’, ‘युलिसिस’ की ‘द साउंड अँड द फ्युरी’

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध एखाद्या आधुनिकतावादी (म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवेदनाच्या रूढ पद्धती मोडणाऱ्या) कादंबरीवर करायचा, इथवर बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते ‘कोणत्या?’ या प्रश्नाशी. मग सगळ्यांत थोर कोणती, सगळ्यांत अवघड कोणती, असा विचार सुरू होतो. माझ्या मते त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्यात. हातातल्या महिन्यांत ही कादंबरी तीनदा वाचून होईल का? आणि माझा प्रश्न मोजक्या पानांवर बोट ठेवून दाखवता येईल का? पहिलं वाचन काय घडतंय ते समजून घेण्यात जातं, दुसऱ्यात रचना दिसू लागते, आणि लिहिण्याजोगं जे काही असतं ते बहुधा तिसऱ्या वाचनात हाती लागतं.

या कसोटीवर ‘युलिसिस’ सगळ्यांत महाग पडते. जेम्स जॉइसची ही कादंबरी १९२२ साली पॅरिसमधून पुस्तकरूपात आली. १६ जून १९०४ हा डब्लिनमधला एकच दिवस, पण त्याची प्रकरणं अठरा, आणि उत्तरार्धात तर जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचं निवेदन नव्याने शिकावं लागतं. एक प्रकरण नाटकासारखं, एक प्रश्नोत्तरांचं, आणि शेवटचं, नायक ब्लूमची बायको मॉली हिच्या मनातलं प्रकरण आठ लांबलचक वाक्यांचं, जवळपास विरामचिन्हांशिवाय. मी स्वतः पदवीला असताना संपूर्ण ‘युलिसिस’ घेण्याचा हट्ट धरला होता. दोन महिने संदर्भ शोधण्यात गेले आणि वहीत दुसऱ्यांच्या टिपांखेरीज काही उरलं नाही. शेवटी एकच प्रकरण घेतलं, तेव्हा कुठे लिहायला सुरुवात झाली.

म्हणून ‘युलिसिस’ घ्यायचीच असेल तर एक प्रकरण घ्या, फार तर दोन. सातवं प्रकरण फार चांगलं आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत घडतं आणि मजकुरामध्ये ठळक मथळे येत राहतात. हे मथळे कुठलंही पात्र बोलत नाही, वाचतही नाही. मग ते कोणाचे? निवेदक एक की दोन? एवढ्या प्रश्नावर पदवीच्या पातळीचा प्रबंध दिमाखात उभा राहतो. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याशी (कादंबरीचं नाव त्याच्याच नायकाचं) साम्यस्थळं दाखवण्याचा विषय मात्र टाळा. प्रकरणांना सर्रास वापरली जाणारी ती ग्रीक नावं छापील पुस्तकात नाहीत, जॉइसने स्नेह्यांना दिलेल्या आराखड्यांतून ती प्रचारात आली. त्या वाटेवर इतकी वर्दळ झाली आहे की नव्याने काही दिसणं कठीण.

‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९) आकाराने आटोपशीर आहे, पण पहिलं वाचन दमवतं. विल्यम फॉकनरने एका घराण्याच्या ऱ्हासाची कथा चार भागांत सांगितली आहे. तीन भाग तीन भावांच्या तोंडी, चौथा तृतीयपुरुषी. पहिला भाग बेंजीचा. त्याला बोलता येत नाही आणि त्याच्यापाशी काळ ‘आता’ आणि ‘तेव्हा’ असा वेगळा होत नाही. पहिल्याच पानांत कुंपणापलीकडे गोल्फ खेळणारे आपल्या ‘कॅडी’ला, म्हणजे सामान वाहणाऱ्या पोराला, हाक मारतात आणि बेंजी कळवळून रडू लागतो. का, ते कोणी सांगत नाही. त्याच्या दूर गेलेल्या बहिणीचं नाव कॅडी आहे, हे नंतर कळतं, आणि तेव्हा ते पान पुन्हा उघडून बघावंसं वाटतं. काळ बदलला की अक्षरं अनेकदा तिरपी होतात, पण कोणत्या काळात गेलो ते आपणच ओळखायचं. वर एकाच नावाची दोन माणसं आहेत. क्वेंटिन मामाही आहे आणि त्याची भाचीही.

निवेदक, स्मृती, काळ यांपैकी कशाचं खरोखर वेड असेल तर ही कादंबरी घ्यावी. प्रश्न तयार मिळतो: सगळं घर कॅडीभोवती फिरतं, पण तिला स्वतःचा भाग नाही, याचा अर्थ काय? मात्र दोन सावधगिऱ्या. फॉकनरने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेलं परिशिष्ट काही आवृत्त्यांत कादंबरीला जोडलेलं असतं, आणि त्यातले काही तपशील मूळ कथेशी जुळत नाहीत. त्याच्या आधारे पात्रांबद्दल विधानं करू नका. दुसरं म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला वंशभेदाचा इतिहास वाचल्याशिवाय डिल्सीवर, म्हणजे या घरात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणीवर, एक परिच्छेदही लिहू नये. ते वाचन तुमच्या महिन्यांत बसतं का, ते आधी पाहा.

आता ‘मिसेस डॅलोवे’. व्हर्जिनिया वुल्फची ही कादंबरी १९२५ ची. १९२३ च्या जूनमधला लंडनमधला एक दिवस, प्रकरणं नाहीत, आणि दोन-तीन बैठकींत पहिलं वाचन पार पडतं. सोपी वाटते म्हणून काही जण तिला बाजूला सारतात. मला ती चूक वाटते. पहिलंच वाक्य घ्या. फुलं मी स्वतःच आणीन असं मिसेस डॅलोवे म्हणाल्या, एवढंच. अवतरणचिन्ह नाही, कोणाला म्हणाल्या ते नाही. लगेच पुढचं वाक्य ल्यूसी या मोलकरणीला आज कामं पुष्कळ आहेत असं सांगतं, आणि ते निवेदकाचं असूनही त्यातला सूर क्लॅरिसाचा, म्हणजे मिसेस डॅलोवेंचाच आहे. दोन वाक्यांत निवेदक तिच्या मनात शिरून बसला. संज्ञाप्रवाह (पात्राच्या मनातले विचार जसे येतील तसे मांडणं) हा शब्द आपण सगळ्याच आधुनिकतावादी कादंबऱ्यांना सरसकट लावतो, पण मॉलीचं शेवटचं प्रकरण आणि ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की दोन्हींतली तंत्रं किती निराळी आहेत ते दिसतं. तिकडे मन थेट बोलतं, इकडे निवेदक मनाची भाषा उसनी घेतो आणि न सांगता दुसऱ्याकडे वळतो. आकाशात अक्षरं काढणारं विमान पाहताना रस्त्यावरची एकमेकांना अनोळखी माणसं अशीच एकापाठोपाठ आपल्यासमोर उघडत जातात.

आणि सेप्टिमस आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेला, आतून मोडलेला तरुण. तो आणि क्लॅरिसा एकदाही भेटत नाहीत. संध्याकाळच्या मेजवानीत त्याच्या आत्महत्येची बातमी तिच्या कानावर येते, आणि पाहुण्यांपासून दूर एका खोलीत ती त्या मरणाचा विचार करते. त्या ठिकाणी अमेरिकेतल्या पहिल्या आवृत्तीत एक वाक्य जास्त आहे: त्याने तिला सौंदर्य जाणवून दिलं, मजा जाणवून दिली, अशा अर्थाचं. ब्रिटिश आवृत्तीत ते नाही. एका तरुणाच्या मरणातून या बाईंना आनंद मिळतो का, यावर तुमचा प्रबंध असेल तर तुमच्या हातातली प्रत कोणती, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही, तोच युक्तिवादाचा गाभा होतो. एक अख्खं प्रकरण या एका वाक्यावर लिहिता येईल.

‘युलिसिस’ आणि ‘मिसेस डॅलोवे’ दोन्ही घेऊन तुलना करण्याचा मोहही होईल. दोन्हींत जूनमधला एक दिवस आणि एक शहर. शिवाय १९१८ मध्ये ‘युलिसिस’चा तोवर लिहून झालेला भाग छपाईसाठी वुल्फ दांपत्याच्या हॉगर्थ प्रेसकडे आला होता आणि त्यांच्या हातछापखान्याला तो झेपणारा नसल्याने परत गेला, हा किस्सा प्रस्तावनेत घालायला छानच. पण दोन कादंबऱ्यांना न्याय द्यायला पानं पुरत नाहीत, आणि निम्मा प्रबंध कथानक सांगण्यात संपतो. तुलना हवीच असेल तर एका लेखिकेच्या दोन पुस्तकांतली एकच गोष्ट घ्या, उदाहरणार्थ काळ: ‘मिसेस डॅलोवे’त दिवसभर टोले देणारं बिग बेन, आणि वुल्फच्याच ‘टू द लाइटहाउस’च्या मधल्या भागात रिकाम्या घरावरून सरकणारी वर्षं.

माझा कौल बहुतेकांसाठी ‘मिसेस डॅलोवे’ला. फॉकनर अशांसाठी, ज्यांनी बेंजीचा भाग एकदा वाचला आणि कोणी न सांगता पुन्हा उघडला. ‘युलिसिस’ अशांसाठी, ज्यांना एक प्रकरण निवडून बाकीची सतरा सोडून देता येतील.

तरीही मन हेलकावे खात असेल तर मार्गदर्शकांना भेटण्याआधी एक दुपार काढा. तिन्हींतलं एकेक पान हाताने उतरवून घ्या आणि समासात फक्त प्रश्न लिहा, उत्तरं नकोत. ज्या पानाच्या समासात जागा पुरली नाही, ते पान घेऊन जा आणि विषय सांगण्याआधी ते पान वाचून दाखवा.