ओपिनेल ८ नंबर, कार्बन पोलादाचं पातं: आंब्याचा हंगाम आणि पावसाळा काढल्यावर

ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा हा घडीचा चाकू फेब्रुवारीअखेर बागेत वापरायला काढला, आता नवरात्र उलटलं. मधे आंब्याचा अख्खा हंगाम आणि कोकणातला पाऊस होऊन गेला. काम त्याच्याकडून दाबून घेतलं. काथ्याचे दोर, नायलॉनची रस्सी, खताच्या गोणी, ठिबकच्या नळ्या, आणि एप्रिल-मेमध्ये पुठ्ठ्याच्या पेट्या. पुठ्ठा मऊ दिसतो, पण धार सगळ्यात लवकर तोच खातो. पेट्यांच्या दिवसांत संध्याकाळी पातं निसण्यावर फिरवावंच लागायचं. तेवढं केलं की सकाळी चाकू पुन्हा तयार. टोक शाबूत आहे, खिळाही ढिला झालेला नाही.

शेजारच्या बागेत अशाच एका पातळ पात्याच्या चाकूने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि टोक कट्‌कन गेलं. पातं कच्चं निघालं, असं तिथे सगळे म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड, टोकाकडे तर त्याहून पातळ. दोर कापताना जोर धारेकडून पाठीकडे, म्हणजे पात्याच्या उभ्या रुंदीवर येतो आणि तो ते आरामात सोसतं. उचकटताना तोच जोर आडवा, टोकाच्या पातळ भागावर येतो. पाणी दिलेलं कडक पोलाद तिथे वाकत नाही, तुटतं. दिवसभर गोणी फाडा, काही होणार नाही. झाकणाला पेचकस आहे ना घरात!

फ्रान्सच्या साव्हॉय भागात १८९० पासून हे चाकू बनतात. मुठीच्या तोंडाशी फिरणारी, उघडलेलं पातं अडकवणारी कडी १९५५ साली आली, आणि २००० पासून तीच कडी मिटलेलं पातंही अडकवून ठेवते. खिशात चाकू आपोआप उघडत नाही, ही मोठी सोय. मात्र कडीखाली चीक आणि माती साचली की ती पुरती फिरत नाही, आणि अर्धवट फिरलेल्या कडीवर जोर देणं म्हणजे बोटं धोक्यात घालणं. जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ करायला अर्धं मिनिटही लागत नाही.

कैरी कापली की कार्बनचं पातं निळसर-काळं पडतं. त्याला घाबरून काथ्याने घासत बसू नका, तो थर गंजाला थोडाफार अडवतो. तांबूस ठिपके ही वेगळी गोष्ट. आषाढ-श्रावणात ओलं पातं तसंच मिटून ठेवलं तर एका रात्रीत उठतात. मी काम संपलं की फडक्याने पुसतो आणि खोबरेलाचा हात फिरवतो.

पावसात खरी परीक्षा मुठीची. बीच लाकूड दमट हवेत फुगतं आणि खाचेत पातं आवळून धरतं, नखाने निघत नाही. अशा वेळी पक्कड लावली की धारेला खांडा पडलाच म्हणून समजा. साव्हॉयच्या लोकांची युक्ती उत्तम आहे: कडी सोडायची आणि मुठीचं बूड ओट्यावर ठोकायचं. पातं बोटात धरण्याइतकं वर येतं. मग मूठ सावलीत वाळवायची, चुलीजवळ नाही, नाहीतर तडा जातो. पुढच्या वर्षी मेअखेरीलाच लाकडाला जवसाचं तेल पाजणार आहे.

ज्यांना पुसत बसायला सवड नाही त्यांनी यातलंच स्टेनलेस पात्याचं घ्यावं. मूठ तीच, त्यामुळे फुगणं टळणार नाही, गंजाची कटकट मात्र जवळजवळ संपते. कलमं बांधणाऱ्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत. कलमाच्या चाकूला एका अंगाने धार असते म्हणून काप सपाट येतो. याला दोन्ही अंगांनी आहे.