एरंडवण्यातला फ्रान्सला निघालेल्यांचा वर्ग: दोन शनिवार फक्त संपाचे

एरंडवण्यात फ्रेंचच्या एक निवृत्त बाई राहत्या घरी हा वर्ग घेतात. आठ शनिवार, दोन-दोन तास, फी साडेचार हजार. मी २०२२च्या मे-जूनमध्ये केला आणि सप्टेंबरात पॅरिसला गेले. व्हिसा, बँक, खोली याची माहिती इतर ठिकाणीही मिळते. मी लिहितेय ते त्यातल्या दोन शनिवारांबद्दल. ते दोन्ही पूर्ण संपाला दिलेले असतात.

माझी कागदपत्रं करणाऱ्या एजंटाने हा विषय उडवूनच लावला होता. "संपबिंप तुम्हाला काय करायचाय, तुम्ही शिकायला चाललात." बाईंनी मात्र तास सुरू होताच विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरात संप झालाय?" माझे पप्पा एसटीत कंडक्टर, स्वारगेट डेपो. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला संप तेव्हा नुकताच, एप्रिलमध्ये मिटला होता. मी हात वर केला. पाच महिने पगार नाही, आई दोन घरी पोळ्या करायला जायची, आणि यांच्यामुळे गावाला जाता येत नाही हे शेजारपाजारचं बोलणं जिन्यात कानावर पडायचं. बाईंनी मला अर्धा तास बोलू दिलं, कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. मग म्हणाल्या, "तिकडे गाडी चुकली की हे आठवायचं."

संपाला फ्रेंचमध्ये ‘ग्रेव्ह’ म्हणतात. पॅरिसच्या महापालिकेसमोरच्या चौकाचं जुनं नाव प्लास द ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू-खडी. सेन नदीच्या त्या काठावर कामाच्या शोधात मजूर उभे राहायचे, आपल्या मजूर अड्ड्यासारखे. त्यावरूनच संपाला हा शब्द आला. हे ऐकल्यावर तो शब्द मला परका वाटेनासा झाला.

आता कामाचं. तिकडच्या २००७च्या कायद्यानुसार रेल्वे-मेट्रोतल्या ज्या कर्मचाऱ्यांवर गाड्या अवलंबून असतात, त्यांना संपावर जायचं तर ४८ तास आधी कळवावं लागतं आणि प्रवाशांना २४ तास आधी माहिती मिळायला हवी. त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला उद्याच्या गाड्या कळतात. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे माणसं सामान घेऊन स्वारगेटला यायची आणि तिथं कळायचं.

बाई प्रत्येकाकडून पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा करून घेतात. तीन रकाने: नेहमीचा रस्ता, निम्म्या गाड्या असतील तर, काहीच नसेल तर. आणि आधी तो पुण्याचा करायला लावतात. माझा तिसरा रकाना होता स्वारगेट, सारसबाग, दांडेकर पूल, म्हात्रे पूल, एरंडवणे, चालत एक तास. नुसता लिहून चालत नाही, पुढच्या शनिवारी खरोखर तसं चालत यायचं. मे महिन्याच्या उन्हात मी आले. पायांना कळलं की तास म्हणजे किती. पॅरिसचा पुठ्ठा पाकिटात घालून घालून आता कडेने फाटलाय, पण अजून जपून ठेवलाय.

खोली शोधताना मेट्रोची १ किंवा १४ नंबरची लाइन जवळ बघा, हेही त्यांचंच. या गाड्यांना ड्रायव्हर नसतो, म्हणून संपातही त्या बहुधा धावतात. मी पॅरिसला लागून असलेल्या सँत-वाँला, १४च्या तेव्हाच्या टोकाशी खोली घेतली. पेन्शनचं वय ६२वरून ६४ करायला विरोध म्हणून १९ जानेवारी ते ६ जून २०२३ या काळात देशभर १४ दिवस संप-मोर्चे झाले, आठ संघटना एकत्र. माझं एकही लेक्चर बुडलं नाही. मार्चमध्ये आई नेमकी अशाच एका दिवशी विमानतळावर उतरणार होती. आदल्या संध्याकाळी यादी पाहिली, दुसरा रकाना काढला, १४ने शातले, तिथून आरईआर बी ही उपनगरी रेल्वे, गार द्यु नॉरला गाडी बदलायची. दोन तास आधी निघाले. आई दारातून बाहेर आली तेव्हा मी समोर उभी होते.

मोर्चाबद्दलही त्यांचं सांगणं नेमकं होतं: संघटनांच्या मोठ्या फुग्यांजवळ मधे राहा, अगदी पुढे जाऊ नका, शेवटच्या चौकाच्या आधी बाहेर पडा, कागदपत्रं जवळ ठेवा. मी एकदा गेले. मेट्रोच्या एका ड्रायव्हरने मुलीला खांद्यावर घेतलं होतं. पप्पांनी व्हिडिओवर ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यांचाही पगार कापतात का गं?" कापतात.

उणिवा आहेत. सगळं पॅरिसपुरतं आहे. ग्रनोब्लला असलेल्या मैत्रिणीच्या विद्यापीठाची इमारत विद्यार्थ्यांनीच अडवली, परीक्षा पुढे गेली, त्याची तिला काहीच कल्पना नव्हती. मार्च २०२३मध्ये सफाई कामगारांच्या संपात पॅरिसच्या लॅटिन क्वार्टर भागात फुटपाथवर माझ्या उंचीचे कचऱ्याचे ढीग लागले, त्याबद्दलही वर्गात अवाक्षर नव्हतं. बाईंना हे दोन्ही येऊन सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बसायला सतरंजी आहे, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, खुर्ची देतात. एका वेळी दहाच जण घेतात, म्हणून व्हिसाच्या तारखेची वाट न बघता नाव घाला.