फेकोत बाटली उंच ठेवावी की खाली?

फेको म्हणजे बारीक सुईने मोतीबिंदू फोडून ओढून काढायची शस्त्रक्रिया, आणि बाटली म्हणजे तेव्हा डोळ्यात सोडायच्या पाण्याची. ती डोळ्यापासून १०० सेंमी उंच टांगली, की पेडलच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे पाणी आत येतंय पण ओढलं जात नाही तेव्हा, डोळ्यातला दाब जवळपास ७३ मिमी पाऱ्यावर जातो. ६५ सेंमीला ४८. एरवी तो १० ते २१ असतो. वाढलेला दाब पडद्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता आवळतो. निरोगी डोळा हे निभावून नेतो. काचबिंदूने डोळ्याची नस खंगली असेल किंवा मधुमेहाने पडद्याच्या केशवाहिन्या पोखरल्या असतील, तिथे मी बाटली खालीच ठेवतो.

मग सगळ्यांनाच खाली का नको? कारण नुसती बाटली उतरवून व्हॅक्युम, म्हणजे मशीनच्या ओढीचा जोर, ४०० मिमी पाऱ्यावर तसाच ठेवला, की गडबड होते. सुईच्या टोकाला चिकटलेला मोतीबिंदूचा तुकडा सुटतो, साठलेली ओढ एकदम मोकळी होते, डोळ्याची पुढची पोकळी क्षणात बसते आणि भिंगाची पिशवी टोकाकडे उसळते. ती फाटून मागचा जेलीसारखा काचद्रव पुढे आला, तर मॅक्युलाला (पडद्याच्या मध्यभागाला) सूज आणि पडदा सुटणं, दोन्हींचा धोका वाढतो. पडद्यासाठी जपलेला दाब मग कुठल्या कामाचा? बाटली खाली घेतली, की व्हॅक्युम आणि फ्लोही (पाणी ओढण्याचा वेग) खाली आणायचे, वेळ थोडा जास्त लागला तरी. मऊ मोतीबिंदूत हे सहज जमतं. दगडासारखा कडक मोतीबिंदू असेल, तर मात्र मी उंच बाटलीच निवडेन.

मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात उंच बाटलीचा आणखी एक त्रास. पुढची पोकळी विहिरीसारखी खोल जाते, आणि नुसत्या थेंबांच्या भुलेवरचा पेशंट कळवळतो. चॉपरने, म्हणजे मोतीबिंदूचे तुकडे करायच्या हत्याराने, बाहुलीची कड किंचित उचला. पाणी मागे शिरतं आणि सगळं जागेवर येतं.

बाटलीऐवजी पाण्याची पिशवी दाबून डोळ्यात ठरवलेला दाब राखणारी नवी मशीन हाताशी असेल, तर अशा डोळ्यांसाठी तीच घ्या. सरसकट सगळ्यांना त्याचे जादा पैसे लावणं मला पटत नाही.

मॅक्युलाची सूज कुठल्याही सेटिंगनंतर येऊ शकते, बहुतेकदा ४ ते ६ आठवड्यांनी. म्हणून मधुमेही पेशंटचा ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, मी तेव्हा करतोच, दुसऱ्या दिवशी नजर कितीही छान असली तरी.

आणि एक, सिस्टर दुसरं हत्यार देईपर्यंत पेडलच्या पहिल्या टप्प्यावर पाय ठेवून बसू नका. दाब सगळ्यात जास्त असतो तो तेव्हाच.